पुढील व्यवस्था होईपर्यंत

टाळेबंदीनंतर शाळा पुन्हा नेमाने भरू लागल्या, त्या वर्षीच्या जूनमध्ये जमिला बुरोंडकर यांना विचुंब्याच्या बाजूच्या एका मराठी शाळेतून पनवेलच्या मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेत कामगिरीवर पाठवण्यात आले. मूळ शाळेच्या पटावर नाव ठेवून दुसऱ्या शाळेत कामाला पाठवणे, याला शिक्षण खात्यात कामगिरी म्हणतात. आदेश एका परिच्छेदाचा होता. मुदतीच्या जागी ‘पुढील व्यवस्था होईपर्यंत’ असे लिहिले होते. बाईंची नेमणूक मराठी माध्यमाची होती, शिक्षण मराठीत झाले होते, आणि त्यांना उर्दू वाचता येत नव्हते.

मी तेव्हा एका दैनिकाच्या पनवेल कार्यालयात वार्ताहर होतो. राहायला विचुंब्यात होतो. ती मराठी शाळा आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला होती आणि माझी मुलगी सई पाचवी-सहावीत दोन वर्षे बाईंकडे मराठी शिकली होती. पण ओळख त्याआधीची. मराठी भाषा दिनाला ‘मराठी शिकवणारी मुस्लिम शिक्षिका’ यावर चारशे शब्द हवेत, असे मला डेस्कवरून सांगण्यात आले होते. मी शाळेत गेलो. बाई उंच होत्या, चष्मा जाड काड्यांचा, सुती साडीवर पांढरा स्कार्फ. वर्गात शिक्षकाची खुर्ची नव्हती. ती त्यांनी व्हरांड्यात काढून ठेवलेली होती.

“बसलं की आवाजही बसतो,” असे कारण त्यांनी दिले. मग मला नीट पाहून म्हणाल्या, “तुम्ही नवे. गेल्या वर्षी दुसरे आले होते.”

“त्यांची बदली झाली.”

“त्याच्या आधी एक मुलगी आली होती. तिनं विचारलं, तुम्हाला इतकं चांगलं मराठी कसं येतं? मी म्हटलं, तुला कसं येतं?”

फोटोला त्यांनी नकार दिला. मी पुन्हा विचारल्यावर म्हणाल्या, “सत्तावीस फेब्रुवारीला तुम्हा सगळ्यांना माझी आठवण येते. अठ्ठावीसलाही मी शाळेतच असते.”

मी अठ्ठावीसला गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा ‘कालची गोष्ट’ ऐकली.

बाईंचा सातवीचा पहिला तास असा सुरू होत असे. एका मुलाने किंवा मुलीने उभे राहून काल घडलेली एक गोष्ट सांगायची. नियम दोन. जे पाहिले तेच सांगायचे. आणि ‘आणि मग’ म्हणायचे नाही. ‘आणि मग’ ऐकू आले की बाई न बोलता हातातला खडू वर धरत. बोलणाऱ्याने तिथेच थांबून वाक्य नव्याने जुळवायचे. खडू त्या घरून आणत, एका स्टीलच्या डबीतून, आणि वर्गाच्या उंबऱ्यावर घासून त्याला टोक काढत. उंबऱ्याच्या उजव्या कडेला त्यामुळे एक पांढरी खाच पडली होती.

त्या दिवशी गावातल्या आगरी घरचा एक मुलगा उभा राहिला. “काल आमच्या शेतान जेसीबी आला. आणि मग—”

खडू वर गेला.

“बाई, पन मग पुरचा कसा सांगू?”

“जे झालं ते सांग. ‘मग’ आपोआप येतं.”

मुलगा थोडा वेळ छताकडे पाहत राहिला. “जेसीबीनं आंब्याचा झार पारला. आजी घरान जाऊन बसली.”

“बस खाली,” बाई म्हणाल्या. “सगळं आलं.”

मी चारशे शब्द लिहिले नाहीत. डेस्कला दुसरे कोणीतरी सापडले.

बाईंचे माहेर दापोलीकडचे, सासर पनवेलचे. पती इक्बाल यांचे मोहल्ल्याच्या तोंडाशी मोटर रिवाइंडिंगचे दुकान होते. घरात दोघे कोकणी बोलत, शाळेत बाई पुस्तकासारखे शुद्ध मराठी. आडनावामुळे फोनवर घोटाळे होत आणि त्या ते दुरुस्त करत नसत. पालकसभेचा निरोप द्यायला फोन केला की पलीकडची बाई विचारी, “बुरोंडकर म्हणजे कोकणातल्या ना? तुमच्याकडं गणपती पाच दिवसांचे की दीड?”

“शेजाऱ्यांचे पाच दिवसांचे,” बाई सांगत. “आम्ही मोदकांपुरते.”

रडत आलेल्या मुलाला त्यांचे एक ठरलेले वाक्य असे: “आधी काय झालं ते सांग. रडायचं नंतर.” सई अजून हे वाक्य वापरते, बहुधा माझ्यावर.

सरकारी कार्यक्रमांत बाई नेहमी पहिल्या रांगेत दिसत. त्यांना तिथे बसवले जाई. अल्पसंख्याक समाजातून शिक्षक मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, अशी भाषणे होत आणि मग एक हात त्यांच्याकडे जाई. “आमच्या बुरोंडकर मॅडम.” एका कार्यक्रमानंतर चहा घेताना त्या म्हणाल्या होत्या, “नेमताना माझे मार्क बघितले होते. फोटो काढताना नाव बघतात.”

आदेश आला त्या दिवशी त्यांनी हे वाक्य पुढे नेले. “पाठवतानाही,” एवढेच म्हणाल्या.

आदेशामागचे कारण साधे होते. मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेत एक शिक्षक निवृत्त झाले होते. ती जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव होती. उर्दू माध्यमातून शिक्षणशास्त्राची पदविका घेतलेला त्या प्रवर्गातला उमेदवार मिळत नव्हता. जागा दुसऱ्या प्रवर्गाकडे वळवण्याचा अधिकार खालच्या कचेरीला नव्हता. त्यामुळे ती भरली जात नव्हती आणि मुले वर्गात बसून होती. कोणाला तरी पाठवणे भाग होते. कचेरीतल्या कोणीतरी मराठी शाळांच्या शिक्षकांची नावे वाचली आणि एका नावापाशी बोट थांबले.

बाई दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेल्या. मी बातमीच्या कामाने तिथेच होतो, म्हणून पुढचे संभाषण मी ऐकलेले आहे.

“मला उर्दू येत नाही,” बाईंनी टेबलाशी सांगितले.

लिपिक हसला. “असं कसं मॅडम? तुमचीच भाषा ना?”

“माझी भाषा तुम्ही आत्ता ऐकताय ती.”

“तरी थोडीफार येतच असेल. कुराण वाचता की नाही?”

“वाचते. ते अरबी आहे, आणि त्याला खालीवर खुणा असतात, म्हणून वाचता येतं. अर्थ विचाराल तर भाषांतर काढावं लागेल.” बाईंचा आवाज वर्गातल्यापेक्षा वर गेला नव्हता. “तुम्ही सत्यनारायणाला मंत्र ऐकता ना? उद्या संस्कृत शिकवायला पाठवलं तर जाल?”

शेजारच्या टेबलावरचा कारकून मोठ्याने हसला. हा लिपिक हसायचा थांबला. “साहेबांना भेटा,” तो म्हणाला.

साहेब म्हणजे विस्तार अधिकारी हिलम. शाळा तपासणारे आणि कचेरीपर्यंत त्यांची हालहवाल पोचवणारे. स्वतः कातकरी समाजातले, नेऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगराखालच्या वाडीवर वाढलेले. त्यांनी बाईंना बसायला सांगितले आणि मला बाहेर जायला सांगितले नाही.

“मॅडम, ती जागा आमच्या समाजाची आहे,” ते म्हणाले. “आणि आमचा माणूस तिच्यावर येत नाही. वाडीवरची पोरं चौथीच्या पुढं टिकवता टिकवता आमचा जीव जातो. त्यातनं उर्दू शिकलेला कुठनं आणू?”

“नियमाबद्दल माझी तक्रार नाही. मला का पाठवता, ते सांगा.”

हिलम यांनी पेन उघडले, मिटले. “माझी अर्धी नोकरी एका वाडीवर गेली. दरवर्षी बदली मागायचो. मला हायस्कूलला गणित शिकवायचं होतं. साहेब म्हणायचे, हिलम, तू गेलास तर त्या पोरांशी बोलणार कोण? तुमची भाषा तुम्हालाच येते.”

“येत होती का?”

“आईची भाषा आहे. येणारच.”

“म्हणजे तुमची तरी ती होती,” बाई म्हणाल्या.

हिलम यांनी आदेशाची प्रत त्यांच्यापुढे सरकवली. नंतर म्हणाले, “तीन-चार महिने काढा. माणूस आला की तुम्हाला सोडतो.” आदेशाच्या प्रतीवर बाईंनी सही केली.

घरी काय झाले ते इक्बालभाईंनी मला दुकानात सांगितले. बाई आल्या, स्कार्फ न काढता ओट्याशी उभ्या राहिल्या आणि बोलेचनात. “मी बोललो, जमिला, आदी काय झाला ता सांग. रडायचा मंग.” त्यांनी हातातल्या मोटरची वायर गुंडाळत सांगितले. “तिचाच डायलॉग तिला मारला. तर बोलली, ‘मंग’ बोलायचा नाय. आनी तवा रडली.”

उर्दू शाळा दोन खोल्यांची होती. गल्लीतून एक माणूस सायकल घेऊन जात असला तर समोरून येणाऱ्याने पायरीवर चढावे लागे. मागच्या खोलीला एक खिडकी होती. तिच्यासमोर हातभरावर नव्या इमारतीची भिंत उभी राहिली होती, त्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागे. बाईंना मागची खोली मिळाली, पहिली आणि दुसरी एकत्र. मुख्याध्यापिका हमीदाबाजी पुढच्या खोलीत तिसरी-चौथी घेत. दाराच्या बाजूला भिंतीवर लाकडी फळी होती. तिच्यावर शाळेचे नाव आणि शिक्षकांची नावे पांढऱ्या ऑइलपेंटने उर्दूत लिहिलेली होती. निवृत्त शिक्षकाचे नाव खरवडून काढले होते. त्या जागी हमीदाबाजींनी बाईंचे नाव खडूने लिहिले.

“चॉक से लिखती हूँ, बुरा मत मानना,” त्या म्हणाल्या. “कामगिरीवालों का चॉक से. पहले भी दो आए, दो गए.”

“अच्छा है,” बाई म्हणाल्या. “पुसायला सोपं.”

पहिला आठवडा त्यांनी बेरीज-वजाबाकी आणि चित्रांवर काढला. मुले मोहल्ल्यातली आणि उत्तरेकडून कामाला आलेल्या कुटुंबांतली. घरी हिंदी-उर्दू, गल्लीत जमेल तसे मराठी. दुसऱ्या आठवड्यात पुस्तक उघडावेच लागले. अरबी अक्षरे ओळखीची होती, पण खुणांशिवाय शब्द लागत नव्हते, आणि ती अक्षरे त्यांनी आयुष्यात कधी लिहिली नव्हती. फळ्यावर त्या सवयीने डावीकडून सुरुवात करत, पुसत, उजवीकडे जात. तिथे उभ्या राहिल्या की लिहिलेले स्वतःच झाकत. पहिलीतली मिसबाह नावाची मुलगी पुढच्या बसकरपट्टीवर बसे. फळ्यावर ‘सीन’ हे दातेरी अक्षर होते, ते पाहून तिने हात वर केला.

“टीचर, आपके सीन के चार दाँत हैं.”

“कितने होते हैं?”

“तीन.”

बाईंनी एक दात पुसला. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “बुढ़ापे में गिरते ही हैं.” वर्ग पुन्हा हसला.

हा प्रसंग मला हमीदाबाजींनी सांगितला. त्यांचे म्हणणे, त्या दिवसापासून बाई दुपारी तासभर पट्टीवर मुलांच्या ओळीत बसू लागल्या. मिसबाह आणि तिच्या शेजारच्या दोघी फळ्याशी उभ्या राहत आणि शिकवत. मोठ्या माणसाला शिकवायला मिळते म्हणून मुले डबा खाऊन पळत परत येत. हमीदाबाजींनी सुरुवातीला हरकत घेतली. “टीचर नीचे, बच्चे ऊपर. कोई देखेगा तो?” बाई म्हणाल्या, “मला येत नाही ते त्यांना माहीतच आहे. लपवून काय होणार?”

गल्लीत बोलणे होतेच. एका आईने दारात विचारले, “टीचर, आप मुसलमान हैं ना?”

“हूँ.”

“फिर उर्दू?”

“सीख रही हूँ. मिसबाह के पास ट्यूशन लगाया है.”

बायका आपसात त्यांना ‘मराठीवाली टीचर’ म्हणत. विचुंब्याला काही घरांत त्यांना ‘मुसलमान बाई’ म्हणत असत. दोन्ही नावे त्यांना ठाऊक होती. 

शुक्रवारी उर्दू शाळा लवकर सुटे. बाई शेअर रिक्षाने विचुंब्याला येत आणि सातवीचा शेवटचा तास घेत. कोणी सांगितले नव्हते, कोणी अडवलेही नाही. मुख्याध्यापक पाटील गावातलेच, मोकळे गृहस्थ. ते व्हरांड्यातली खुर्ची उचलून आपल्या खोलीत नेत आणि म्हणत, “बाई, तुमी आल्या का पोरांना जरा तोंड फुटतं. बाकी आठवडा नुसती गाईड वाचतात.” सई त्या वर्षी सातवीत होती. शुक्रवारी ती घरी येऊन जेवताना ‘कालची गोष्ट’ पुन्हा सांगे. दिवाळीनंतर कचेरीचे पत्र आले: कामगिरीवरील शिक्षकाने मूळ शाळेत अध्यापन करू नये, दोन्हीकडच्या हजेरीत गोंधळ होतो. पुढच्या शुक्रवारी बाई आल्या नाहीत. मुले शाळा सुटल्यावर फाटकाशी थांबली होती. पाटील सरांनी त्यांना घरी पाठवले.

तीन-चार महिने झाले, वर्ष झाले. बाई प्रत्येक सत्राच्या शेवटी परत पाठवण्याचा अर्ज देत. उत्तर येई ते त्याच तीन शब्दांचे. जूनमध्ये दाराजवळच्या फळीवरचे खडूचे नाव पुसट झालेले असे. दुसऱ्या वर्षी हमीदाबाजींनी खडू हातात घेतला तेव्हा बाईंनी तो मागून घेतला आणि नाव स्वतः लिहिले. उजवीकडून डावीकडे, न थांबता. मिसबाह तेव्हा दुसरीत गेली होती. ती पायरीवर उभी राहून पाहत होती. “सही है,” ती म्हणाली.

तोवर मागच्या खोलीतही ‘कालची गोष्ट’ सुरू झाली होती. तिथे खडू वर जायचा तो ‘और फिर’ला. मी एकदा कामावरून परतताना डोकावलो होतो. एक मुलगा सांगत होता, “कल मेरे अब्बू छत से गिरे. और फिर—” खडू वर. मुलाने ओठ चावला. “अस्पताल में अब्बू ने मुझसे पूछा, खाना खाया?” बाईंनी खडू खाली केला.  उंबऱ्याशी वाकून खडू घासला. तिथेही एक खाच पडू लागली होती.

तिसऱ्या वर्षी विचुंब्याच्या शाळेचा पट घसरला. नव्या इमारतींतली मुले इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसत होती. एक शिक्षक अतिरिक्त ठरणार, हे जानेवारीतच स्पष्ट झाले. कामगिरीवर असलेल्या शिक्षकांबाबत असे ठरले की, ज्यांना त्या शाळेच्या माध्यमाचे ज्ञान असल्याचे तपासणीत दिसेल त्यांना तिथेच कायम सामावून घ्यावे; ज्यांना नसेल त्यांना मूळ शाळेत परत पाठवावे, म्हणजे तिथून दुसरे कोणीतरी अतिरिक्त ठरेल. उर्दू शाळेची तपासणी हिलम करणार होते.

हिलम आदल्या दिवशी इक्बालभाईंच्या दुकानात आले. पंखा दुरुस्तीला आणला होता, असे त्यांनी मला सांगितले. पंखा खरोखरच आणला होता. बाई तिथे होत्या.

“मॅडम, उद्या पुस्तक तुमच्या हातात देईन आणि वाचायला सांगेन,” हिलम म्हणाले. “मला उर्दू कळत नाही. त्यामुळे बरोबर वाचलंत की चूक, हे मला समजणार नाही. पण वाचलंच नाहीत, तर ते समजेल. मग मी लिहीन, ज्ञान नाही. जूनमध्ये तुम्ही सातवीवर.”

“म्हणजे खोटं बोलू?”

“बोलायचंच नाही. गप्प उभं राहायचं. मी खोटं लिहिणार नाही. तुम्ही वाचलं नाहीत, तर ते खरंच असेल.”

इक्बालभाई म्हणाले, “साएब, पंखा उद्या न्या. पैशे नको.” हिलम यांनी पैसे दिले.

 रात्रीच्या जेवणात बाईंनी एकच प्रश्न विचारला, असे इक्बालभाई सांगतात. “गप रवला तं पोरांना काय वाटंल?” त्यांनी उत्तर दिले, “पोरा हायेत. इसरतील.”

तपासणीच्या प्रसंगाचे दोन मोठे साक्षीदार आहेत. हिलम आणि हमीदाबाजी. दोघांनी मला ते वेगवेगळे सांगितले. बाई किती वेळ गप्प होत्या, याबद्दल त्यांच्यात फरक आहे. बाकी तपशील जुळतात.

मुले पट्ट्यांवर होती. त्या वर्षी तिसरीही मागच्या खोलीत आली होती, म्हणून मिसबाह अजून तिथेच होती. हिलम यांनी दुसरीचे पुस्तक उघडून बाईंच्या हातात दिले. हमीदाबाजी दारात होत्या. धडा एका विहिरीवर पाणी प्यायला येणाऱ्या पाखराचा होता. बाईंनी पुस्तक समोर धरले आणि उभ्या राहिल्या.

हिलम म्हणतात, बराच वेळ. हमीदाबाजी म्हणतात, इतकाही नाही. बाईंचे ओठ मिटलेले होते. बाहेर कोणीतरी गल्लीतून हातगाडी ओढत नेत होते, तिचे चाक पायरीला लागल्याचा आवाज दोघांच्याही लक्षात आहे. हिलम यांनी पेनाचे टोपण काढले.

मिसबाहने पहिला शब्द हळूच सांगितला. “एक.”

बाईंनी तिच्याकडे पाहिले नाही.

“एक परिंदा,” मिसबाह जरा मोठ्याने म्हणाली. तिला वाटले ऐकू गेले नाही. शेजारच्या मुलीने पुढचा शब्द जोडला. “एक परिंदा बहुत—” मग मागच्या पट्टीवरच्या एका मुलाने, मग दोघांनी. टीचर अडकल्या आहेत, एवढेच त्यांना दिसत होते. टीचर अडकल्या की शब्द पुरवायचा, हे ते पहिलीपासून करत आले होते. सगळा वर्ग कुजबुजू लागला. “प्यासा, टीचर. प्यासा.” कोणीतरी हात हलवून पाखरू दाखवले. मिसबाह उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते, असे हमीदाबाजी सांगतात. हिलम यांनी हे सांगितले नाही, पण नाकारलेही नाही.

“बैठ जाओ,” बाई म्हणाल्या.

मिसबाह बसली.

बाईंनी चष्मा वर केला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून. धडा दीड पानांचा होता. कुठे अडखळल्या नाहीत. शेवटच्या ओळीनंतर मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण तपासणीला साहेब आले की टाळ्या वाजवायच्या असतात. बाईंनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवले.

हिलम यांनी टोपण काढलेले पेन हातात धरून ठेवले होते. त्यांनी हळू आवाजात विचारले, “मॅडम, आता मी काय लिहू?”

“जे पाहिलंत ते लिहा,” बाई म्हणाल्या.

हिलम यांनी लिहिले. ते पान मी पुढे पाहिले. ‘माध्यमाचे ज्ञान आहे. वाचन समाधानकारक.’ खाली सही.

इक्बालभाई त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करून घरी गेले. घरी बाई भाकऱ्या करत होत्या. “वाचलास?” त्यांनी विचारले. “वाचला,” त्या म्हणाल्या.  बाईंनी मला त्या दिवसाबद्दल कधीही सांगितले नाही. मी दोनदा विचारले. पहिल्यांदा त्यांनी सईची चौकशी केली. दुसऱ्यांदा खडू वर धरावा तसा नुसता हात वर केला.

मे महिन्यात सामावून घेतल्याचा आदेश निघाला. त्यात मुदतीचे शब्द नव्हते. विचुंब्याच्या शाळेच्या पटावरून बाईंचे नाव कमी झाले. तिथली सातवी, पाटील सरांच्या सांगण्यानुसार, विज्ञानाच्या शिक्षकाकडे गेली. व्हरांड्यातली खुर्ची वर्गात परत आली.

मोहल्ल्यातली राखीव जागा दुसऱ्या एका उर्दू शाळेकडे वळती झाली. ती रिक्त आहे. तिथे कोणाला कामगिरीवर पाठवायचे, याचा विचार सुरू असल्याचे मला हिलम यांनी सांगितले. नाव त्यांनी सांगितले नाही. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. निवृत्तीनंतर वाडीवर गणिताचा वर्ग घेणार, असे ते म्हणत होते.

जूनमध्ये मी पनवेल सोडले. निघण्याच्या आदल्या दिवशी इक्बालभाईंचा निरोप घेऊन गल्लीने शाळेपर्यंत गेलो. पहिला तास सुरू होता. मागच्या खोलीत दिवा लागलेला होता आणि एक नवा मुलगा कालची गोष्ट सांगत होता. बाई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. खडू खालीच होता.

दाराजवळची फळी धुतलेली होती. खडूचे नाव नव्हते. त्या जागी पेंटरने तेच नाव पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिले होते, इतर नावांच्या मापात. रंग ओला होता. येता-जाता कोणाचा हात लागू नये म्हणून हमीदाबाजींनी फळीखाली एक खुर्ची आडवी ठेवली होती.